फोनो प्रीअँपमध्ये नवे व्हॉल्व्ह निवडताना

फोनो प्रीअँप म्हणजे रेकॉर्डच्या सुईकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणारा सेट, आणि व्हॉल्व्ह म्हणजे त्यात हे वाढवायचं काम करणाऱ्या काचेच्या नळ्या. प्रीअँपचे व्हॉल्व्ह बदलायचे म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "कुठल्या कंपनीचे घेऊ?" माझ्या हिशेबात हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात. कुठल्या सॉकेटवरचा व्हॉल्व्ह काय काम करतो, तिथे व्होल्टेज किती आहे, आणि बिघाड खरोखर व्हॉल्व्हचाच आहे का. या तीन गोष्टी न बघता महागडे व्हॉल्व्ह मागवले, तर पैसे जातात आणि खरखर जागेवरच राहते.

ज्या प्रीअँपवरचं काम सांगतोय त्याची रचना अगदी सर्रास आढळणारी आहे. फोनो भागात दोन ईसीसी८३, म्हणजे अमेरिकन नावाने १२एएक्स७. लाइन भागात एक ईसीसी८२, म्हणजे १२एयू७. तिन्ही डबल ट्रायोड, म्हणजे एका काचेत दोन व्हॉल्व्ह. हीटर कॅथोडला तापवतो, कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते गोळा करते आणि मधलं ग्रिड त्या प्रवाहावर ताबा ठेवतं. प्रत्येक व्हॉल्व्हचा एक अर्धा भाग डाव्या चॅनलला, दुसरा उजव्या. दोन ईसीसी८३च्या मधे पॅसिव्ह आरआयएए जोडणी, म्हणजे रेकॉर्ड कापताना दाबलेला बास आणि चढवलेले वरचे स्वर पूर्ववत करणारे फक्त रेझिस्टर-कंडेन्सर. एचटी, म्हणजे प्लेटसाठीचं उच्च डीसी व्होल्टेज, २५० व्होल्ट, प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम. हीटर ६.३ व्होल्ट एसीवर, आणि दोन्ही तारांपासून प्रत्येकी १०० ओहमचे रेझिस्टर ग्राउंडला. तक्रार अशी: डाव्या बाजूला वाढलेला 'सूं' आवाज, आणि सेट तापला की अधूनमधून खरखर.

झाकण उघडण्याआधी एक सांगतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट साठून राहतात. २२ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कंडेन्सरवर लावायचा. १०० मायक्रोफॅरड असेल तर दहा-बारा सेकंदांत व्होल्टेज जवळजवळ संपतं. तरी मीटरवर १० व्होल्टच्या खाली आलेलं दिसल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. चालू सेटवर मोजताना मीटरची काळी क्लिप चासीला लावून टाकायची, एकाच हाताने प्रोब धरायचा आणि दुसरा हात खिशात ठेवायचा.

पहिली तपासणी व्हॉल्व्हच्या अदलाबदलीची. दोन चॅनलना वेगळे व्हॉल्व्ह असते तर डावा-उजवा बदलून लगेच कळलं असतं. इथे एकच व्हॉल्व्ह दोन्ही चॅनल सांभाळतो, त्यामुळे पहिला आणि दुसरा ईसीसी८३ आपापसांत बदलायचे. पहिल्या व्हॉल्व्हचा आवाज पुढे दुसरा व्हॉल्व्ह वाढवतो. मधली आरआयएए जोडणी १००० हर्ट्झला साधारण दहापट घट करते, तरीही पहिल्या जागेवरचा गोंगाट दुसऱ्या जागेच्या तुलनेत चार-पाच पट जास्त ऐकू येतो. म्हणून वाईट व्हॉल्व्ह पहिल्यावरून दुसऱ्या जागी गेला की डावीकडचा आवाज ठळकपणे खाली यायला हवा.

इथे 'सूं' खाली आला, खरखर मात्र होती तिथेच राहिली. म्हणजे 'सूं' व्हॉल्व्हचा आणि खरखर सर्किटची. जुन्या सेटमध्ये अशा खरखरीचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे प्लेटचा कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर. डीसी व्होल्टेजखाली तो स्वतःच गोंगाट करायला लागतो. त्यात प्रत्यक्ष खर्च होणारी शक्ती वॉटच्या दहाव्या भागाहूनही कमी, पण मी तिथे १ किंवा २ वॉटचा मेटल फिल्म घालतो, कारण लहान रेझिस्टरची व्होल्टेज-मर्यादाच कमी असते. डाव्या बाजूचा बदलायचा तर उजव्याचाही बदलायचा, दोन्ही मीटरवर जुळवून.

दुसरा संशयित म्हणजे कपलिंग कंडेन्सर, जो सिग्नल पुढच्या व्हॉल्व्हला देतो आणि डीसी अडवतो. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर डीसी मोजा. तिथे जवळजवळ शून्य हवं. पॉझिटिव्ह व्होल्टेज दिसलं तर सेट बंद करून, डिस्चार्ज करून, तो व्हॉल्व्ह काढा आणि पुन्हा मोजा. व्होल्टेज कायम राहिलं तर कंडेन्सर गळतोय. व्हॉल्व्ह काढल्यावर गेलं तर व्हॉल्व्हच्या आत वायू झालाय किंवा ग्रिड स्वतः उत्सर्जन करतंय, म्हणजे व्हॉल्व्ह बाद. ही चाचणी दहा मिनिटांची आहे आणि खरेदीचा निम्मा गोंधळ तीच मिटवते.

सॉकेटकडेही बघावं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत नऊ पायांच्या नोव्हल सॉकेटचे चाप काळे पडतात आणि सैल होतात. दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक भोकात फिरवायचा. सैल चाप सुईच्या टोकाने किंचित आत ओढायचे, तेही पूर्ण डिस्चार्ज झाल्यावरच.

मग व्होल्टेज. ईसीसी८३ला २५० व्होल्ट एचटी, १०० किलोओहम आणि १.५ किलोओहम असताना सुमारे ०.८६ मिलिअँपिअर वाहतात. म्हणजे कॅथोडवर साधारण १.३ व्होल्ट आणि प्लेटवर १६४ च्या आसपास. कॅथोडवर ०.९ च दिसलं, तर करंट ०.६ वर आलेला आहे आणि प्लेट १९० पर्यंत चढलेली असणार. तो व्हॉल्व्ह दमलेला आहे. ईसीसी८२च्या जागी, ४७ किलोओहम आणि १.२ किलोओहम असतील, तर करंट ३ मिलिअँपिअर, कॅथोड ३.६ आणि प्लेट १०८ च्या जवळ. हे आकडे कागदावर लिहून ठेवायचे. नवे व्हॉल्व्ह आल्यावर तुलना याच आकड्यांशी होणार.

हीटरचं व्होल्टेज फार कमी लोक मोजतात, आणि आपल्याकडे ते मोजणं सर्वांत गरजेचं. बाहेरून आलेल्या कितीतरी सेटवर २२० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपलं मेन्स नावाला २३०, पण रात्री लोड उतरला की काही भागांत २४० च्या वर जातं. २२० चा ट्रान्स्फॉर्मर २४५ वर चालला तर ६.३ चे ७ व्होल्ट होतात. मर्यादा साधारण दहा टक्क्यांची, म्हणजे ५.७ ते ६.९. सतत ७ वर चालणाऱ्या हीटरमुळे कॅथोडचं आयुष्य घटतं, हीटर आणि कॅथोडमधली गळती वाढते आणि हम, म्हणजे मेन्सची घुमघुम, येतो. नवे व्हॉल्व्ह घालण्याआधी हे दुरुस्त करावं. तीन व्हॉल्व्ह ६.३ वर समांतर असतील तर एकूण करंट ०.९ अँपिअर. हीटरच्या दोन्ही तारांमध्ये प्रत्येकी ०.३३ ओहम, २ किंवा ३ वॉटचे वायरवाउंड रेझिस्टर घातले की सुमारे ०.६ व्होल्ट कमी होतात. दोन्ही तारांमध्ये सारखेच घालायचे, नाहीतर समतोल बिघडून हम वाढतो.

आता व्हॉल्व्ह कुठला. पहिला नियम: आरआयएए भागात जात बदलायची नाही. ईसीसी८३च्या जागी ५७५१ किंवा १२एटी७ 'बसतो' असं सगळीकडे वाचायला मिळतं. पायांचा क्रम सारखा आहे, ते खरं. पण ईसीसी८३चा म्यू (व्हॉल्व्ह सिग्नल जास्तीत जास्त किती पट वाढवू शकतो तो आकडा) १०० आणि प्लेट रेझिस्टन्स (व्हॉल्व्हचा स्वतःचा आतला रोध) ६२.५ किलोओहमच्या घरात, ५७५१चा म्यू ७०, १२एटी७चा ६०, आणि प्रत्येकाचा प्लेट रेझिस्टन्स वेगळा. पॅसिव्ह जोडणीत पहिल्या व्हॉल्व्हचा प्लेट रेझिस्टन्स आणि त्याचा प्लेट लोड मिळून आरआयएएच्या गणिताचाच भाग होतात. ईसीसी८३साठी तो आकडा सुमारे ३८ किलोओहम. व्हॉल्व्ह बदलला की ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद हे आरआयएएचे तिन्ही ठरलेले काळ सरकतात, आणि रेकॉर्डचा सूर बदललेला वाटतो. लोक त्याला नव्या व्हॉल्व्हचा 'गोडवा' म्हणतात. खरं तर ती फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्समधली चूक असते.

फीडबॅकवाल्या, म्हणजे आउटपुटचा काही भाग मागे देऊन हीच दुरुस्ती करणाऱ्या, आरआयएएत परिणाम वेगळ्या वाटेने येतो. २० हर्ट्झला त्या स्टेजला १००० हर्ट्झच्या जवळपास दहापट गेन (सिग्नलची वाढ) द्यावा लागतो. कमी म्यूचा व्हॉल्व्ह घातला की तेवढा राखीव गेन उरत नाही आणि खालचा बास घसरतो. १९५८ सालच्या मरँट्झ ७ या प्रीअँपमध्ये सहा ईसीसी८३ आहेत, आणि त्याची फोनो स्टेज फीडबॅकवरच चालते. तिथे ५७५१ घालून 'आवाज मोकळा झाला' असं वाटलं तर आधी खालचे स्वर मोजून बघावेत.

पहिल्या जागेचा आणखी एक पदर म्हणजे मिलर कपॅसिटन्स. ईसीसी८३मध्ये ग्रिड आणि प्लेट यांच्यात फक्त १.६ पिकोफॅरड असतात, पण स्टेजचा गेन ५४ असेल तर काट्रिजला (टोनआर्मच्या टोकाचा सुई बसवलेला भाग) ते जवळजवळ ९० पिकोफॅरड दिसतात. त्यात टोनआर्मच्या तारांचे मिळवा. एमएम, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट, काट्रिजचा वरचा रिस्पॉन्स या एकूण आकड्यावर ठरतो. गेन बदलला की हाही बदलतो.

ईसीसी८८, म्हणजे ६डीजे८, हा ईसीसी८३चा पर्याय नाही. दोन्हींना नऊ पाय असतात म्हणून फसायला होतं. ईसीसी८३चा हीटर ४ आणि ५ मध्ये १२.६ व्होल्टचा, आणि ९ नंबर हा त्याचा मध्यबिंदू. ६.३ साठी ४ आणि ५ जोडून दुसरी तार ९ ला जाते. ईसीसी८८चा हीटर ४ आणि ५ मध्ये थेट ६.३ चा, आणि ९ नंबर शील्डला. ६.३ साठी जोडलेल्या ईसीसी८३च्या सॉकेटमध्ये तो घातला तर हीटर पेटतच नाही. १२.६ साठी जोडलेल्या सॉकेटमध्ये घातला तर दुप्पट व्होल्टेजने जळतो. शिवाय त्याच्या प्लेटची मर्यादा १३० व्होल्ट, आणि आपली प्लेट १६४ वर. रशियन ६एन२पीचीही हीच गत. म्यू ईसीसी८३च्या जवळ, पण हीटर ४ आणि ५ मध्ये ६.३ चा. सॉकेटची जोडणी बदलल्याशिवाय तो चालत नाही.

मुळात ईसीसी८८ साठी बांधलेल्या प्रीअँपमध्ये ई८८सीसी, म्हणजे ६९२२, निर्धास्त चालतो. त्याची प्लेट-मर्यादा २२० व्होल्ट आणि हीटर ३०० मिलिअँपिअरचा. उलटं करताना मात्र प्लेट व्होल्टेज आधी बघा. ईसीसी८८चा हीटर ३६५ मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे हीटर सिरीजमध्ये असतील तर सरमिसळ नको.

लाइन भागातल्या ईसीसी८२ला मोकळीक जास्त. म्यू १७ ते २०, गेन साडेतेराच्या आसपास, आणि तिथपर्यंत सिग्नल मोठा झालेला असतो, त्यामुळे थोडा जास्त गोंगाट चालून जातो. ५८१४ए तिथे छान चालतो. फक्त ६.३ वर तो ३५० मिलिअँपिअर घेतो, हे ध्यानात ठेवायचं. १२बीएच७ सुद्धा त्याच पायांचा, पण हीटरला ६०० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे दुप्पट. लहान ट्रान्स्फॉर्मर त्याने तापतो.

इथपर्यंत यादी आपोआप आखडते आणि मग कंपनीचा विचार करता येतो. आज नवे ईसीसी८३ मुख्यतः तीन देशांतून येतात. स्लोव्हाकियातल्या चाड्त्सा इथली जेजे, रशियातल्या साराटोव्हचा कारखाना, आणि चीनमधले उत्पादक. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सोव्हटेक, नवा टंग-सोल, नवा मलार्ड, जेनालेक्स गोल्ड लायन ही सगळी नावं साराटोव्हच्याच छत्राखाली आहेत. नव्या मलार्डचा इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या जुन्या मलार्डशी नावापलीकडे संबंध नाही. रचना मात्र खरोखर वेगवेगळ्या आहेत. जेजे ईसीसी८३एसच्या प्लेट आखूड, त्यामुळे ठोकल्यावर कमी वाजतो. सोव्हटेक १२एएक्स७एलपीएसच्या प्लेट लांब आणि हीटर सर्पिल, त्यामुळे एसी हीटरवरही हम कमी, पण धक्क्याला नाजूक. हा व्हॉल्व्ह कॅथोड फॉलोअरच्या, म्हणजे आउटपुट प्लेटऐवजी कॅथोडवरून घेणाऱ्या स्टेजच्या, जागी घालू नये. तिथे कॅथोड शंभर-दीडशे व्होल्टवर बसलेला असतो आणि हीटर ग्राउंडजवळ. ईसीसी८३ची हीटर-कॅथोड मर्यादा १८० व्होल्टची, आणि सर्पिल हीटरवाले तिथे लवकर दगावतात.

आपल्या प्रीअँपचा हीटर एसीवर आहे, म्हणून पहिल्या जागेसाठी एलपीएस आणि जेजे दोन्ही मागवून प्रत्यक्ष लावून बघणं हाच मार्ग. गरज दोनची असली तरी चार मागवावेत. एकाच कारखान्याच्या, एकाच खोक्यातल्या दोन व्हॉल्व्हमध्ये जेवढा फरक निघतो, तेवढा कधीकधी दोन कंपन्यांमध्ये निघत नाही. विक्रेत्याला 'लो नॉइज, बॅलन्स्ड सेक्शन' असं स्पष्ट सांगावं. फक्त 'टेस्टेड' या शब्दाला अर्थ नाही, कारण साधा एमिशन टेस्टर कॅथोड जिवंत आहे एवढंच सांगतो, गोंगाटाबद्दल काहीच नाही. आकडे मिळत असतील तर २५० व्होल्ट आणि उणे २ व्होल्ट ग्रिडला १.२ मिलिअँपिअर आणि १.६ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट हे ईसीसी८३चे प्रमाण आकडे. दोन्ही अर्धे भाग एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवेत.

जुन्या, न वापरलेल्या मालाचा मोह मोठा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुन्या रेडिओवाल्यांकडे अजून व्हॉल्व्ह निघतात, पण बहुतेक ईसीएच८१ नाहीतर ईबीएफ८९, जे आपल्या कामाचे नाहीत. ईसीसी८३ सापडतो तो सभा-समारंभांच्या जुन्या अँप्लिफायरच्या सुट्या भागांत. १९५४ मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने फिलिप्सच्या सहकार्याने असे व्हॉल्व्ह बनवले. बीईएल छापाचा, खोक्यातला ईसीसी८३ मिळाला तर मी तो आनंदाने घेतो. नावाला भाव कमी आणि माल चोख.

टेलिफुंकन आणि मलार्डच्या नावाने मात्र नकली छाप भरपूर. टेलिफुंकनच्या तळाला, पायांच्या मधोमध काचेतच उमटलेला, पत्त्यातल्या चौकटसारखा आकार असतो. शाईने छापलेला नव्हे. फिलिप्स गटाच्या व्हॉल्व्हवर काचेत कोरल्यासारखा छोटा संकेत असतो. त्यात दुसऱ्या ओळीत बी म्हणजे ब्लॅकबर्न, मग वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग आठवडा. 'बी६डी२' म्हणजे ब्लॅकबर्न, सहाने संपणाऱ्या वर्षाचा एप्रिल, दुसरा आठवडा. मोठा छाप बोटाने पुसला जातो, म्हणून विश्वास ठेवायचा तो या छोट्या संकेतावर.

व्हॉल्व्ह हाती आल्यावर आधी डोळ्यांनी तपासावं. वरचा गेटरचा, म्हणजे आत उरलेली हवा शोषणाऱ्या धातूचा, डाग चंदेरी किंवा काळपट असला तर ठीक. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा गेली, परत पाठवा. वाकलेला पाय ओढून सरळ करू नका, काचेला तडा जातो. पाय सरळ करायचा साचा मिळतो, तो वापरा. मल्टिमीटरने ४ आणि ५ मध्ये सलगता बघा. गार हीटरचं वाचन गरम अवस्थेतल्या ८४ ओहमपेक्षा खूपच कमी येतं, ते बरोबर आहे. ३ आणि ४, तसंच ८ आणि ४ यांच्यात काहीही वाचन येता कामा नये. काही जुन्या युरोपीय व्हॉल्व्हचा हीटर चालू करताना क्षणभर लख्ख चमकतो, तो दोष नाही.

सेट अर्धा तास तापवून मघाच्या कागदावरचे आकडे पुन्हा घ्या. दोन्ही प्लेटमधला फरक १० व्होल्टच्या आत असला तर मी पुढे जातो. मग फोनो इनपुटला शॉर्टिंग प्लग लावून, व्हॉल्यूम नेहमीपेक्षा वर नेऊन ऐकायचं. सलग 'सूं' हा व्हॉल्व्हचा स्वभाव, पण त्यात टपटप किंवा फुटके आवाज असतील तर तो व्हॉल्व्ह पहिल्या जागेचा नाही. नव्या व्हॉल्व्हला एक-दोन दिवस चालू द्या, गोंगाट बऱ्याचदा खाली येतो. मग पेन्सिलच्या खोडरबराच्या टोकाने हलकेच टिचकी मारा. पहिल्या जागी थोडं 'टिंग' येणारच. ते लगेच विरलं पाहिजे. घुमत राहिलं किंवा स्पीकरशी हूं हूं करायला लागलं तर तो दुसऱ्या जागी टाका. रबरी रिंगा थोडी मदत करतात, पण वाईट व्हॉल्व्हचा चांगला करत नाहीत.

चॅनलचा समतोल मोजण्यासाठी फोनवरचा ४०० हर्ट्झचा सूर पुरतो. स्वस्त मीटरचं एसी वाचन त्यापुढच्या फ्रिक्वेन्सीला भरवशाचं नसतं. फोनचा सिग्नल फोनो इनपुटसाठी फार मोठा असतो. म्हणून १० किलोओहम आणि १०० ओहमचा व्होल्टेज डिव्हायडर करून तो शंभरपट कमी करायचा, आणि एकच सिग्नल दोन्ही चॅनलला द्यायचा. आउटपुटमध्ये सहा टक्के फरक म्हणजे अर्धा डेसिबल. तेवढ्यापर्यंत मी चालवून घेतो. जास्त असेल तर चारांपैकी दुसरा व्हॉल्व्ह लावून बघतो, किंवा दोघांच्या जागा बदलतो. उलट बाजूला झुकणारे दोन व्हॉल्व्ह एकमेकांना सावरतात.

ऐकून तुलना करताना दोन्ही व्हॉल्व्हला आवाजाची पातळी मीटरवर सारखी करून घ्या. जरा मोठा वाजणारा नेहमीच 'जास्त खुला' वाटतो. पातळी जुळवल्यावर एकाच जातीच्या दोन निरोगी व्हॉल्व्हमधला सुराचा फरक, काट्रिजच्या लोडिंगमधल्या फरकाच्या मानाने लहान असतो. गोंगाट, मायक्रोफोनी (धक्क्याने वाजणं) आणि समतोल यांतला फरक मोठा असतो. या प्रीअँपमध्ये पहिल्या जागी जेजे राहिला, कारण एलपीएसने हम थोडा कमी केला तरी टर्नटेबलच्या टेबलाला हात लागला की तो वाजायचा. एलपीएस दुसऱ्या जागी गेला आणि तिथे तो शांत आहे.

उरलेल्या दोन व्हॉल्व्हच्या खोक्यांवर प्लेट आणि कॅथोडचे आकडे, दोन्ही अर्ध्या भागांचे वेगळे, आणि 'पहिल्या जागेला योग्य' किंवा 'फक्त दुसऱ्या' असं पेन्सिलने लिहून ठेवायचं. खोकी सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डब्यात. पावसाळा संपला की सॉकेट पुन्हा साफ करायचे आणि कॅथोडची सहा वाचनं घ्यायची. ईसीसी८३चं वाचन १.३ वरून १ च्या खाली उतरू लागलं की पुढचा व्हॉल्व्ह काढायचा.